चाक तेच, ढकलणारे वेगळे

नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षात एका बाळाभोवती किती उपकरणे विजेवर चालतात, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. अंगाची ऊब टिकवणारा वॉर्मर, काविळीसाठी निळा प्रकाश देणारे दिवे, थेंबाथेंबाने औषध सोडणारा पंप, रक्तातील प्राणवायू दाखवणारा मॉनिटर, श्वासाला आधार देणारे यंत्र. लसींच्या फ्रीजमधील तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या बाहेर जाऊन चालत नाही. रक्तपेढी, शस्त्रक्रियागृह, क्ष-किरण विभाग हे सगळे विजेवरच. आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने वीज हे एक औषधच आहे आणि त्याचा एकही डोस चुकवता येत नाही.

औषधाच्या वेष्टनावर घटक छापलेले असतात आणि सोबतच्या कागदावर दुष्परिणामही. विजेच्या बिलावर असा रकाना नसतो. आपल्या घरी आलेले युनिट कोळशातून आले, पाण्यातून आले की उन्हातून, हे दिव्याकडे पाहून ओळखता येत नाही. पण ते कुठून आले, यावर कोणाच्या तरी फुप्फुसांचे आणि कोणाच्या तरी शेताच्या पाण्याचे गणित ठरत असते. म्हणून आज वीजकेंद्राच्या आत नेमके काय घडते, ते समजून घेऊ. वाटते तेवढे ते अवघड नाही.

मूळ यंत्र एकच

१८३१ मध्ये मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेतून वीज वाहू लागते आणि हलवणे थांबवले की वीजही थांबते. जगातील बहुतेक वीज आजही याच तत्त्वावर तयार होते.

पूर्वी सायकलच्या चाकाला टेकवायचा डायनॅमो असे, तो आठवून पाहा. चाक जोरात फिरले की दिवा झगझगीत, हळू झाले की मिणमिणता. आणखी एक गोष्ट आठवेल. डायनॅमो टेकवला की पायडल जड व्हायचे. तो जडपणा म्हणजे दिव्याच्या उजेडाची किंमत. ती आपले पाय चुकवत होते. वीजकेंद्रातील जनित्र म्हणजे हाच डायनॅमो, फक्त प्रचंड आकाराचा. त्याला जोडलेले पात्यांचे चाक म्हणजे टर्बाइन. हे चाक ढकलायला वाफ, पाणी, वारा किंवा जळता वायू यांपैकी काही तरी लागते. वीजकेंद्रांचे प्रकार म्हणजे बहुतांशी चाक ढकलणाऱ्यांचे प्रकार.

ढकलायला किती बळ लागते, याचाही अंदाज असावा. एक युनिट म्हणजे १,००० वॅटचे उपकरण तासभर चालवण्याइतकी ऊर्जा, आहाराच्या भाषेत ८६० कॅलरी. दिवसाला २,००० कॅलरी खाणारा माणूस जेमतेम सव्वादोन युनिट ऊर्जा पोटात घेतो. धडधाकट माणूस सायकल मारून सलग १०० वॅट वीज देऊ शकला, तरी एका युनिटसाठी त्याला दहा तास पायडल मारावे लागेल. ते युनिट आपल्याला काही रुपयांत मिळते, कारण आपल्या वतीने दुसरे कोणी तरी राबत असते.

कोळशाची भट्टी

महाराष्ट्रात हे राबण्याचे काम मुख्यतः कोळसा करतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. तिथे कोळसा पिठासारखा बारीक दळून हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये फुंकला जातो. आत नळ्यांच्या भिंती असतात आणि नळ्यांतून पाणी फिरत असते. त्या पाण्याची वाफ होते, ती आणखी तापवून सुमारे ५४० अंशांपर्यंत नेतात आणि प्रचंड दाबाने टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. चाक मिनिटाला ३,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या विजेवर ‘५० हर्ट्झ’ असे लिहिलेले असते, ते हेच ५०.

काम झालेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते. चाकाच्या पलीकडची वाफ आटली, तरच तिथला दाब कमी राहतो आणि अलीकडची वाफ चाकाला जोराने ढकलू शकते. त्यासाठी कमरेत निमुळते झालेले ते अवाढव्य शीतक मनोरे असतात. ते पाहून ‘बघा किती धूर ओकतोय’ असे लोक म्हणतात. तो धूर नसतो, पाण्याची वाफ असते. उन्हाळ्यात आपल्याला घाम येतो, तो सुकताना अंगाची उष्णता घेऊन जातो. मनोऱ्याचे काम तेच, म्हणजे केंद्राला घाम आणण्याचे. खरा धूर शेजारच्या उंच, बारीक चिमणीतून जातो आणि बऱ्याचदा तो डोळ्यांना दिसतही नाही.

या घामाला पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, ते कोळसा नव्हता म्हणून नव्हे.

कोळशातल्या १०० भाग उष्णतेपैकी जुन्या केंद्रांत साधारण ३५ भागांचीच वीज होते. बाकीची उष्णता पाण्यात आणि हवेत जाते. यात सगळा दोष कारागिरीचा नाही. उष्णतेतून काम काढताना तिचा काही भाग सोडूनच द्यावा लागतो, हे फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ मध्येच मांडले होते. वाफ जितकी तापलेली, तितका फायदा अधिक. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या नव्या संचांत दाब इतका जास्त असतो की पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. अशा संचांतून ४० टक्क्यांच्या आसपास वीज मिळते. तुलनेसाठी सांगतो, आपले स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच कामात आणतात. म्हणून तर जिना चढला की अंग तापते.

राख आणि फुप्फुसे

आता दुष्परिणामांचा रकाना. आपल्या कोळशातून एक युनिट वीज काढायला ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्के असते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची सगळी वीज कोळशाची धरली, तर ६५ किलोच्या आसपास कोळसा जळतो आणि सिमेंटच्या अर्ध्या पोत्याएवढी राख मागे उरते.

ही राख चिमणीपर्यंत जाऊ नये म्हणून विजेच्या ताकदीने धूळ ओढून घेणाऱ्या जाळ्या असतात. नीट चालवल्या तर ९९ टक्क्यांहून अधिक राख त्या पकडतात. पण निसटणारे कण सर्वांत बारीक असतात आणि डॉक्टरांना चिंता त्यांचीच आहे. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट द्राव त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट वायुकोशांत उतरतात आणि त्यांतले सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही शिरतात. त्यामुळे प्रश्न दम्यापुरता राहत नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कमी वजनाचे बाळ जन्मणे, या सगळ्यांशी अशा कणांचा संबंध जगभरच्या अभ्यासांतून सिद्ध झाला आहे.

दुसरा घटक सल्फर डायऑक्साइड. तो चिमणीतून वायू म्हणून बाहेर पडतो, पण हवेत गेल्यावर त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. म्हणजे केंद्र दिसतही नाही अशा गावात त्याचा परिणाम पोहोचतो. हा वायू अडवणारी यंत्रणा बसवण्याचे निकष केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केले. मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना या यंत्रणेतून सूटच देण्यात आली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, हा त्यामागचा एक युक्तिवाद. गंधक कमी असते, हे खरे आहे. पण विषाची मात्रा पाहताना आम्ही नुसती तीव्रता पाहत नाही, एकूण किती पोटात गेले तेही पाहतो. देशातील सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशातून काढायची, तर जळणारा कोळसा थोडाथोडका नसतो. कमी गंधकाला त्या राशीने गुणले की उत्तर लहान राहत नाही.

तीच किटली, वेगळी आग

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, ते देशातील पहिले. अणुऊर्जा म्हटले की काही तरी गूढ वाटते, पण टर्बाइनपर्यंत पोहोचेतो तिचीही वाफच झालेली असते. फरक आगीत आहे. युरेनियमच्या अणूचे केंद्रक फुटते, त्यातून उष्णता निघते आणि पाणी उकळते. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण फुटले तर सुमारे तीन टन चांगल्या कोळशाइतकी उष्णता मिळते. जळण इतके थोडे लागते, धूर नाही, राखेचे डोंगर नाहीत. दुष्परिणाम वेगळे आहेत. वापरलेले इंधन हजारो वर्षे किरणोत्सारी राहते, ते सांभाळावे लागते, आणि अपघात दुर्मीळ असला तरी झाला तर फार मोठा.

उरणच्या वायुवीज केंद्रात आधी वाफ करत बसत नाहीत. नैसर्गिक वायू जाळून त्याचे तापलेले झोत थेट टर्बाइनवर सोडतात, विमानाच्या इंजिनासारखे. तिथून बाहेर पडणारा वायूही खूप गरम असतो. त्याच्यावर पाणी उकळून दुसरे टर्बाइन फिरवतात. एकाच जळणाचा असा दोनदा उपयोग केल्याने निम्म्याहून अधिक उष्णतेची वीज होऊ शकते आणि राख उरत नाही. अडचण वायूच्या उपलब्धतेची आणि किमतीची. साखर कारखान्यांत उसाचे चिपाड जाळूनही वाफेवरची वीज होते, पण ती मुख्यतः गळीत हंगामात.

घाटमाथ्यावरचे पाणी

आग न लावता चाक ढकलायचे, तर सह्याद्रीसारखी जागा नाही. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला घाटावरचे पाणी खाली सोडून वीज केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. कोयनेची वीज १९६२ पासून सुरू झाली. आज त्या प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. शिवसागर जलाशयातील पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीला येते, पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पडते आणि भूमिगत वीजगृहातील चाके फिरवते. इतक्या उंचीवरून हजार लिटरची एक टाकी पाणी पडले की एक युनिटहून थोडी अधिक वीज मिळते. मध्ये उष्णता नसल्याने कार्नोचा नियमही आड येत नाही. पाण्याच्या ऊर्जेचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग विजेत उतरतो.

गंमत अशी की असेच केंद्र आपल्या प्रत्येक पेशीत आहे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेने पेशी एका पातळ पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवतात, धरणात पाणी साठवावे तसे. ते परत येताना एका प्रथिनाच्या सूक्ष्म चाकातून येतात, चाक खरोखर गरगर फिरते आणि एटीपी हे शरीराचे इंधन तयार होते. या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पाण्याच्या विजेला धूर नाही म्हणून ती फुकट मिळते असे नाही. धरणाखाली गावे गेली आणि कोयनेच्या विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे पुनर्वसनासाठी दशकानुदशके झगडत राहिली. दुसरे असे की कोयनेचे पाणी मुळात कृष्णेच्या खोऱ्यातले, पूर्वेकडे वाहणारे. वीज करताना ते पश्चिमेला उतरते आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. पूर्वेकडचे तालुके दुष्काळात असताना या पाण्याची वीज करायची की शेती, हा प्रश्न दर काही वर्षांनी उभा राहतो.

वारा आणि ऊन

साताऱ्याजवळ चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या दिसतात. तिथे पात्यांना वाराच ढकलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते आणि निम्मा झाला तर आठव्या हिश्श्यावर येते. म्हणूनच पवनचक्की कधी भरभरून देते, कधी उभी राहते. वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. तशी काढली तर पात्यामागे वारा थिजेल आणि पुढचा येणारच नाही. ५९.३ टक्के ही तिची कमाल मर्यादा.

या सगळ्यांत सौर पॅनेल एकटे वेगळे. त्याला चाकच नाही. इथे नवजात काविळीचे उदाहरण देतो. निळ्या दिव्याखाली बाळाला ठेवतो, तेव्हा त्याला शेकत नसतो. प्रकाशाचे कण त्वचेतील बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतात आणि मग शरीर ते बाहेर टाकू शकते. सौर पॅनेलमध्येही उष्णतेचे काम नसते. प्रकाशाचा कण सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला जागेवरून उठवतो आणि पॅनेलची रचना त्याला एकाच दिशेने जायला लावते. वाहणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच वीज. उलट, पॅनेल तापले की वीज कमी होते. म्हणून मे महिन्यात ऊन कडक असूनही पॅनेल जोमाने चालेलच असे नाही. आपल्याकडे छतावरचे एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देते.

सौर विजेचा रकानाही कोरा नाही. मोठ्या प्रकल्पांना जमीन लागते, पंचवीस-तीस वर्षांनी निकामी पॅनेलचा कचरा होतो, आणि सूर्य मावळतो त्याच सुमारास घराघरांत दिवे लागतात.

नाडी ५० ची

साठवण हाच खरा पेच आहे. वीज ज्या क्षणी तयार होते, जवळजवळ त्याच क्षणी वापरली जावी लागते. वापर वाढला की सगळी जनित्रे त्या सायकलच्या पायडलसारखी जड होतात आणि त्यांची गती मंदावते. वापर घटला की ती वाढते. सगळ्या केंद्रांची चाके तारांनी एकमेकांशी बांधलेली असल्याने देशाची नाडी एकच, ५० हर्ट्झची. तिच्यावर चोवीस तास लक्ष ठेवावे लागते. तोल गेला की काय होते, हे देशाने ३१ जुलै २०१२ रोजी पाहिले. उत्तर आणि पूर्व भारतात साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, कोविडच्या ऐन साथीत, मुंबईत अशीच वीज गेली तेव्हा रुग्णालये जनरेटरवर तगली.

कोळशाचे बॉयलर थंड अवस्थेतून सुरू करायला कित्येक तास लागतात, तर कोयनेची चाके काही मिनिटांत फिरू लागतात. म्हणून संध्याकाळच्या मागणीला पाणी धावून येते. अकोले तालुक्यातील घाटघरच्या २५० मेगावॅटच्या प्रकल्पात तर मागणी कमी असताना खालच्या तलावातले पाणी पंपाने वर चढवतात आणि गरजेच्या वेळी पुन्हा खाली सोडतात. चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, पण दुपारचे ऊन संध्याकाळसाठी राखून ठेवण्याचा हा भरवशाचा मार्ग आहे. सौर वीज वाढेल तशी अशा साठवणीची आणि मोठ्या बॅटऱ्यांची गरजही वाढेल.

आपल्या हाती काय?

वीज नको, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. चुलीच्या धुरात खोकणाऱ्या बाईला वीज हवी, डायलिसिसच्या रुग्णाला हवी. पण एकाचे औषध दुसऱ्याचे दुखणे होऊ नये, एवढे पाहता येते.

औष्णिक केंद्राच्या परिसरात राहणाऱ्यांनी थंडीत जास्त जपावे. पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर वर न जाता खालीच कोंडतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्या वेळी फिरायला न जाता ऊन वर आल्यावर जावे, इन्हेलर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित घ्यावा, बरे वाटते म्हणून मधेच सोडू नये. घरातली राख-धूळ झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावी.

बाकीच्यांनी बचतीकडे इंधन म्हणून पाहावे. ७५ वॅटचा जुना पंखा बदलून ३० वॅटचा लावला आणि तो दिवसाला बारा तास चालला, तर महिन्याला १६ युनिट वाचतात. कोळशाच्या हिशेबात तो दहा किलो कोळसा झाला, म्हणजे साडेतीन किलो राख. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटार शक्य असेल तिथे दुपारी चालवावी, कारण सौर वीज तेव्हा मुबलक असते.

आणि तुमच्या भागात कोणत्याही नव्या वीजप्रकल्पाची जनसुनावणी असेल, तर अवश्य जा. रोजगार किती, एवढेच विचारून परत येऊ नका. चाक कोण ढकलणार, त्याला पाणी कुठून आणणार, उरलेले कुठे टाकणार आणि आसपासच्या गावांची हवा कोण, किती दिवसांनी तपासून लोकांना सांगणार, हे चार प्रश्न विचारा. उत्तरे तोंडी ऐकून निघू नका, लेखी मागा.